अजिंठ्यातील चंक्रमण : चार आगी आणि एक भिंत

अजिंठ्याला जाऊन आलेल्या उपासक-उपासिकांना आम्ही नेहमी एक साधा प्रश्न विचारतो : तेथे आपण किती वेळ होता, आणि त्यांपैकी किती वेळ एका जागी उभे होता? पहिल्या भागाचे उत्तर बहुधा ‘दोन-अडीच तास’ असे मिळते. दुसऱ्या भागाला उत्तर मिळत नाही. सर्व लेणी पाहिली, पायऱ्या चढलो-उतरलो, छायाचित्रे काढली, एवढे आठवते. परंतु कोणत्या भिंतीवर काय होते हे सांगता येत नाही. हा दोष कोणा एकाचा नाही. अजिंठा कसा पाहावा हे आपण एकमेकांना कधी सांगितलेलेच नाही. तो सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

या पदयात्रेत आम्ही जपानची स्मृती सोबत घेणार आहोत. महाराष्ट्रात जपानी बौद्धांच्या शांतिकार्याची खूण पाहावयाची झाल्यास लोक वर्ध्याच्या विश्वशांती स्तूपाकडे बोट दाखवितात, आणि ते योग्यच आहे. निप्पोन्झान म्योहोजी संघाचे संस्थापक निचिदात्सु फुजी गुरुजी १९३३ साली वर्ध्याला महात्मा गांधींना भेटले होते. पुढे हिरोशिमा व नागासाकी येथील संहारानंतर त्यांनी जगभर शांतिस्तूप उभारण्याचे व्रत घेतले. राजगीरचा स्तूप १९६९ चा. अजिंठ्यात असा पांढरा स्तूप नाही. तरीही जपान आणि महाराष्ट्र यांना जोडणारा एक फार जुना व नाजूक धागा येथील भिंतींवरून जातो. तो धागा दोन्ही देशांत आगीने अनेकदा होरपळला आहे. म्हणूनच तो समजून घेण्यात आजच्या यात्रेकरूसाठी एक जबाबदारीही आहे.

चालणे ही साधना

पालीत ‘चंकम’ व संस्कृतात ‘चंक्रमण’ असा शब्द आहे. सजगतेने, ठरावीक अंतर, पुन्हा पुन्हा चालणे असा त्याचा अर्थ. संबोधीनंतर भगवान बुद्धांनी बोधगयेत जेथे चंक्रमण केले, ते स्थान आजही महाबोधी विहाराच्या आवारात दाखवितात. चंक्रमणाचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत. प्रवास सोसण्याची शक्ती आणि चालता चालता साधलेली, दीर्घकाळ टिकणारी एकाग्रता हे त्यांतील दोन. जपानमधील झेन विहारांत ध्यानाच्या दोन बैठकींमध्ये संथ पावलांनी चालतात. तीही हीच परंपरा.

अजिंठ्याची रचना अशा चालण्याला अनुकूल आहे. वाघूर नदीने डोंगरात नालेच्या आकाराचे वळण घेतले असून सुमारे ७६ मीटर उंचीच्या उभ्या कड्यात, अर्धा किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीत, तीस लेणी ओळीने खोदलेली आहेत. त्यांतील ९, १०, १९, २६ आणि २९ ही चैत्यगृहे असून बाकीचे बहुतेक विहार आहेत. क्रमांक कालानुसार नसून जागेनुसार आहेत, हे लक्षात ठेवावे. क्रमांक १ हे सर्वांत जुने लेणे नव्हे. १० आणि ९ ही सातवाहनकालीन, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीची. १, २, १६, १७, १९, २६ ही इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक राजा हरिषेण याच्या आगेमागेची.

म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवितो. छत्रपती संभाजीनगराहून (पूर्वीच्या औरंगाबादहून) शंभरेक किलोमीटरचा रस्ता पहाटे निघून पार करावा. फर्दापूर फाट्यावर वाहन ठेवून तेथील बसने लेण्यांपाशी यावे. सोमवारी लेणी बंद असतात. वर आल्यावर सर्व गर्दी प्रथम १ आणि २ क्रमांकांत शिरते. आपण ती दोन्ही मागे ठेवून सरळ १० कडे जावे. तेथून १६, १७ आणि २६. आणि परतीच्या वाटेवर शेवटी २ व १. असे केल्याने आपण काळाच्या क्रमाने चालतो, आणि सर्वांत प्रसिद्ध चित्रापाशी सर्वांत शेवटी, मन स्थिर झाल्यावर पोहोचतो.

लेणे क्रमांक १० : शिकारी आणि छद्दंत

आत शिरताच समोर स्तूप आहे. मूळ रचनेत येथे बुद्धमूर्ती नाही. स्तूप हेच वंदनेचे स्थान. दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत वासिठीपुत कटहादि याच्या दानाचा लेख आहे. उजवी बाजू स्तूपाकडे ठेवून खांबांच्या मागून एक प्रदक्षिणा करावी. ती करताना भिंतींवरील अतिशय जुन्या चित्रांचे अवशेष दिसतात. त्यांत सामजातक आणि छद्दंतजातक आहेत. छद्दंताची कथा आपणांस ठाऊक आहे. सहा सुळ्यांच्या गजराजाला शिकारी विषारी बाणाने विंधतो. आणि बोधिसत्त्व असलेला तो हत्ती शिकाऱ्याला चिरडून टाकण्याऐवजी आपले सुळे स्वतः त्याच्या स्वाधीन करतो.

आता याच लेण्यातील एका खांबाकडे पाहावे. त्यावर पुढील काळात रंगविलेल्या आकृतीवर इंग्रजी अक्षरांत एक नाव खरवडलेले आहे : जॉन स्मिथ, आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख. मद्रास सैन्यातील हा अधिकारी शिकारीसाठी या दऱ्यांत आला होता. शतकानुशतके साठलेल्या मातीच्या ढिगावर तो उभा होता, म्हणून ते नाव आज डोळ्यांच्या पातळीहून बरेच वर दिसते. जगाला अजिंठ्याची वार्ता येथूनच मिळाली, हे खरे. परंतु ज्या लेण्यात शिकाऱ्याला क्षमा करणाऱ्या हत्तीची कथा रंगविलेली आहे, तेथे शिकारीला आलेल्या माणसाने स्वतःचे नाव कोरावे, याकडे डोळेझाक करता येत नाही. ज्यांनी ही चित्रे काढली त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. ज्याने ती प्रथम खरवडली त्याचे मात्र नाव ठाऊक आहे. आपण येथे क्षणभर थांबून स्वतःला विचारावे : मी येथे काय ठेवून जाणार आहे?

लेणे क्रमांक १६ : दगडी हत्ती आणि नाराची वाट

१६ कडे वर जाणाऱ्या पायऱ्यांच्या प्रवेशद्वाराशी दोन हत्ती कोरलेले आहेत. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हा विहार संघाला अर्पण केल्याचे लेखात नमूद आहे. पायऱ्यांवर थांबून खालच्या नदीकडे पाहावे, कारण जपानची वाट येथूनच उलगडू लागते.

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्खू ह्युएनत्संग याने आपल्या प्रवासवृत्तात महाराष्ट्राचे वर्णन केले आहे. त्यात पूर्व सीमेवरील डोंगरातल्या गर्द दरीत असलेल्या एका संघारामाचा उल्लेख येतो. तो अचल नावाच्या अर्हताने निर्माण केला, द्वाराबाहेर दगडी हत्ती आहेत आणि थोर तर्कशास्त्रज्ञ दिङ्नाग येथे राहत असे, असे तो सांगतो. हे वर्णन अजिंठ्याचेच असावे असे विद्वानांचे बहुमत आहे. २६ व्या लेण्यातील शिलालेखातही स्थविर अचलाचे नाव आहे, ही त्याची बळकट पुष्टी होय.

दिङ्नागाने हेतुविद्येला, म्हणजे बौद्ध तर्कशास्त्राला, नवे रूप दिले. ह्युएनत्संगाने परतल्यावर त्याच्या ग्रंथाचे चिनी भाषांतर केले. जपानमधून ६५३ साली चीनला गेलेला दोशो नावाचा भिक्खू ह्युएनत्संगाचा प्रत्यक्ष शिष्य झाला, आणि त्याने स्वदेशी परतून होस्सो संप्रदायाची, म्हणजे योगाचार परंपरेची, पायाभरणी केली. नारा परिसरातील विहारांत पुढे शेकडो वर्षे हेतुविद्येचे अध्ययन चालले. त्याच परिसरातील होर्यूजी हा विहारही १९५० पर्यंत होस्सो संप्रदायात गणला जाई. वाघूरच्या काठी ज्याच्या वास्तव्याची आठवण सांगितली जाते त्या आचार्याचे ग्रंथ नाऱ्याच्या भिक्खूंनी मुखोद्गत केले, ही गोष्ट आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. अजिंठ्याचा वारसा केवळ रंगांचा नसून तर्काचा, विवेकाचाही आहे, हे येथे ध्यानी घ्यावे.

लेणे क्रमांक १७ : शोकातून दान

१७ मध्ये चित्रांची समृद्धी इतकी आहे की डोळे भांबावतात. वेस्सन्तर, महाकपी, पुन्हा एकदा छद्दंत. ओसरीत भवचक्राचे अवशेष. आणि आत, भिक्षापात्र घेऊन कपिलवस्तूस आलेल्या बुद्धांसमोर राहुलाला पुढे करणारी यशोधरा. सर्व काही पाहण्याचा हट्ट धरू नये. यशोधरेच्या चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहावे. बुद्धांची आकृती प्रचंड आहे, माता आणि पुत्र लहान आहेत. तरी चित्र भयाचे नसून विश्वासाचे आहे.

या विहाराचा दाता हरिषेणाचा एक मांडलिक होता. शिलालेखावरून असे कळते की त्याचा धाकटा भाऊ मरण पावला. त्या आघाताने त्याला अनित्यतेची जाणीव झाली आणि त्याने आपले धन या कामी लावले. म्हणजे आपण ज्या रंगवैभवाचे कौतुक करतो त्याच्या मुळाशी एका भावाचा शोक आहे. शोकाचे रूपांतर सूडात, वैरात किंवा निष्क्रियतेत होऊ शकते. येथे ते दानात झाले. शांतिस्थळ म्हणून अजिंठ्याचा विचार करताना आम्हांला हा लेख सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हिरोशिमात जपानी जनतेने दग्ध शहराच्या मध्यभागी शांतिउद्यान उभारले, त्यामागची मनोवृत्तीही याच जातीची आहे.

लेणे क्रमांक २६ : महापरिनिर्वाण

१७ पासून पुढे चालत गेल्यावर २६ चे भव्य चैत्यगृह लागते. आत डाव्या पाखीत सुमारे ७ मीटर लांबीची महापरिनिर्वाणाची मूर्ती आहे. मंचकाखाली शोकमग्न शिष्य आणि उपासक आहेत. वर आकाशात देवगण आहेत. त्याच भिंतीवर मारविजयाचा प्रसंग कोरलेला आहे. जीवनातील विजय आणि मृत्यूतील शांती अशा रीतीने शेजारी शेजारी ठेवली आहेत.

या लेण्याचा दाता बुद्धभद्र नावाचा भिक्खू होता. अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्याशी आपले मैत्र अनेक जन्मांचे आहे, असे तो आपल्या लेखात म्हणतो, आणि त्याच्या स्मरणार्थ व मातापित्यांच्या पुण्यार्थ हे दान करतो. पर्वतात कोरलेले स्मारक चंद्रसूर्य असेतोवर टिकते, अशा आशयाचा विचारही त्या लेखात आहे. गंमत अशी की तोच लेख ज्या लेण्यावर आहे, त्यात आत तथागत महापरिनिर्वाणात पहुडले आहेत, आणि सर्व संस्कार नाशवंत आहेत, अप्रमादाने आपले कार्य पूर्ण करा, हाच त्यांचा अखेरचा उपदेश होता. टिकावे ही माणसाची इच्छा आणि काहीच टिकत नाही हे सत्य, दोन्ही एकाच खडकात आहेत. यांपैकी एकाचाच स्वीकार करणे सोपे असते. पर्वत टिकेल म्हणून निश्चिंत राहणे हा एक प्रमाद; सारे अनित्यच आहे म्हणून काळजी न घेणे हा दुसरा. अप्रमादाची वाट या दोहोंच्या मधून जाते. येथे मौन पाळून बसावे, आणि मग परतीच्या वाटेला लागावे.

लेणे क्रमांक २ : हारिती आणि क्षांतिवादी

परतताना लेणी तीच असतात, पण पाहणारे मन तेच राहिलेले नसते. क्रमांक २ मध्ये गाभाऱ्याच्या उजवीकडे एक छोटे दालन आहे. त्यात हारिती आणि पांचिक यांच्या मूर्ती आहेत. हारिती ही यक्षिणी इतरांची बालके पळवून खाई. तिला स्वतःची पाचशे मुले होती. बुद्धांनी तिचे सर्वांत धाकटे मूल भिक्षापात्राखाली लपविले. ती व्याकूळ होऊन शोधू लागली तेव्हा त्यांनी तिला विचारले की पाचशेतले एक हरपल्यावर तुला इतके दुःख होते, तर ज्यांचे एकुलते एक हरपले त्यांना किती होत असेल? हारिती पालटली आणि मुलांची रक्षक झाली. मूर्तीच्या पीठावर मुले आणि छडी घेतलेला त्यांचा गुरुजी कोरलेले आहेत. तो भाग मुलांना अवश्य दाखवावा.

हीच हारिती चीनमार्गे जपानला पोहोचली आणि तेथे किशिमोजिन या नावाने, हाती डाळिंब घेतलेली बालरक्षक देवता म्हणून आजही पूजिली जाते. टोकियोच्या झोशिगाया भागातील तिचे मंदिर प्रसिद्ध आहे. शत्रूच्या मुलाचे दुःख आपल्या मुलाच्या दुःखावरून ओळखणे, याहून सोपा शांतीचा पाठ आम्हांला ठाऊक नाही.

याच लेण्यात क्षांतिवादी जातक रंगविलेले असून चित्रासोबत लेखही आहे. क्षमेचा उपदेश करणाऱ्या तपस्व्याचे अवयव राजा एकेक करून तोडतो, आणि तपस्व्याच्या मनात द्वेष उमटत नाही. आज चित्राचा बराच भाग नष्ट झाला आहे. ज्याने क्षांती शिकविली त्याचे चित्रही असे तुकड्यांत उरले आहे.

लेणे क्रमांक १ : पद्मपाणी आणि त्याचे दूरचे बंधू

आता शेवटचे लेणे. पादत्राणे काढून आत जावे आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत काहीही पाहण्याची घाई करू नये. गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्ध. आसनाखाली चक्र आणि मृग. प्रथम त्यांना वंदन करावे. नंतर गाभाऱ्याच्या वाटेवर, आपल्या डाव्या हाताला, निळे कमळ घेतलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाकडे वळावे. भोवती माणसे, किन्नर, वानर, मोर अशी सृष्टी गजबजलेली आहे आणि मध्ये हा एकटा, मस्तक किंचित झुकवून, दृष्टी खाली लावून उभा आहे. महापरिनिर्वाणाच्या दर्शनानंतर हे चित्र पाहिले म्हणजे त्याचा अर्थ वेगळा लागतो. शास्ता गेले, जगाचे दुःख उरले, त्या दुःखाकडे पाहणारी ही करुणा आहे.

नाऱ्याजवळील होर्यूजी विहाराच्या कोन्दो या मुख्य मंदिरात, सातव्या शतकाच्या अखेरीस किंवा आठव्याच्या आरंभी, बारा भिंतींवर बुद्ध आणि बोधिसत्त्वांची चित्रे काढली गेली. त्यांतील अमिताभाच्या भित्तिचित्रातील अवलोकितेश्वराला अजिंठ्याच्या पद्मपाणीचा दूरचा बंधू मानतात. अजिंठ्याचा चित्रकार जपानला गेला असे कोणी म्हणत नाही. दोन शतकांचे अंतर आहे आणि मध्ये मध्य आशिया व तांगकालीन चीन आहे. परंतु देहाचा तो बाक, ती अर्धोन्मीलित दृष्टी, हातांच्या त्या मुद्रा भिक्खूंच्या आणि व्यापाऱ्यांच्या वाटांनी पूर्वेकडे गेल्या, हे नाकारता येत नाही.

विसाव्या शतकात जपानने हे नाते उलट दिशेने शोधले. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून अराई काम्पो हा चित्रकार १९१६ साली कोलकात्याला आला. १९१७-१८ च्या हिवाळ्यात त्याने आपल्या जपानी सहकाऱ्यांसह अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या कामात सहभागी असलेल्या कोसेत्सु नोसु याने पुढे १९३० च्या दशकात सारनाथच्या मूलगंधकुटी विहारातील बुद्धचरित्राची चित्रे रंगविली. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असतील.

आता आगींची हकिकत सांगितली पाहिजे. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याने १८४४ पासून जवळजवळ दोन दशके अजिंठ्याची चित्रे तैलरंगात उतरविली. लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती प्रदर्शित असताना डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सर्व जळाली. मग मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. अराई काम्पो व सहकाऱ्यांच्या प्रतिकृती टोकियोच्या राजकीय विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत त्याही गेल्या.

चौथी आग सर्वांत दुःखद. होर्यूजीच्या भिंती जीर्ण होत आहेत हे पाहून जपान सरकारने १९४० साली त्यांच्या प्रतिकृती करण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी नेमलेल्या प्रमुख चित्रकारांत अराई काम्पो होता. ज्याच्या अजिंठ्याच्या प्रतिकृती जळाल्या त्याच्याच हाती आता त्यांच्या दूरच्या बंधूंच्या प्रतिकृती आल्या. युद्ध पेटलेले होते. एप्रिल १९४५ मध्ये, होर्यूजीकडे जात असताना वाटेतच त्याचे निधन झाले. काम अपुरे राहिले. युद्धानंतर इतरांनी ते चालू ठेवले. आणि २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे, जतनाचे काम चालू असतानाच, कोन्दोला आग लागली. बारा भिंतींवरील रंग गेले. करपलेल्या रेषा उरल्या. आधीच काढून ठेवलेली अप्सरांची लहान चित्रे तेवढी वाचली.

युद्धातील बाँबवर्षावातून सुटलेली चित्रे शांततेच्या काळात, त्यांचे रक्षण करणाऱ्यांच्याच सहवासात नष्ट झाली. या घटनेने जपान हादरला. पुढील वर्षी, १९५० मध्ये, तेथे सांस्कृतिक संपदा संरक्षणाचा कायदा झाला. १९५५ पासून २६ जानेवारी हा दिवस वारसास्थळांच्या अग्निप्रतिबंधाचा दिवस म्हणून पाळला जातो; देशभरातील विहारांत त्या दिवशी पाण्याचे फवारे सोडून सराव करतात. करपलेल्या भिंती होर्यूजीने फेकून दिल्या नाहीत. त्या स्वतंत्र भांडारात जपून ठेवल्या आहेत. कोन्दोत १९६८ पासून नव्या प्रतिकृती आहेत. आपण जो दिवस प्रजासत्ताक दिन म्हणून साजरा करतो, तोच जपानात आगीच्या स्मरणाचा दिवस आहे. उपासकांनी त्या दिवशी अजिंठ्याचेही स्मरण करावे.

प्रेमानेही इजा होते

या चार आगींमधून अजिंठ्याची मूळ भिंत वाचली. ती आगीपासून दूर, खडकाच्या पोटात होती. पण म्हणून ती सुरक्षित आहे असे नाही. येथील चित्रे खडकावर थेट काढलेली नाहीत. खडकावर माती, साळीचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालविलेले रंग, अशी ही रचना आहे. ओलावा, कीटक, वटवाघळे आणि माणसांचा श्वास यांपैकी कशानेही गिलावा सुटू शकतो.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट अशी की अजिंठ्याचे बरेच नुकसान प्रेमाने झालेले आहे. प्रतिकृती करताना चित्र उजळ दिसावे म्हणून त्यावर रोगण फासले गेले. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटणारा गिलावा बसविला, हे उपकारच. पण चित्रांवर लावलेला लाखेचा थर काळाने पिवळा-तपकिरी पडला, आणि तो सावकाश उतरविण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना अनेक दशके करावे लागले. यातील कोणाचाही हेतू वाईट नव्हता. सजगतेवाचून केलेले प्रेमही इजा करते, हा धडा होर्यूजीने आणि अजिंठ्याने सारखाच दिला आहे.

आता आपल्याविषयी. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर महाराष्ट्रातील लक्षावधी लोकांना ही लेणी आपल्या पूर्वजांच्या घरासारखी वाटू लागली. येथे आल्यावर मेणबत्ती लावावी, उदबत्ती लावावी, बुद्धमूर्तीच्या चरणांना हात लावावा, मोठ्याने वंदना म्हणावी असे वाटणे स्वाभाविक आहे. या भावनेला कोणी केवळ पर्यटकांच्या नियमांनी अडवू पाहिले तर मन दुखावते, हेही आम्ही समजू शकतो. परंतु या भावनेचे उत्तर नियमात नसून धम्मातच आहे. दीपपूजेचा हेतू अंधार दूर करणे हा आहे. ज्या दीपाच्या काजळीने बोधिसत्त्वाचे मुख काळवंडेल तो दीप अंधारच वाढवितो. म्हणून येथे आपली पूजा संयमाची असावी. पुष्प, दीप आणि धूप आपापल्या विहारात अर्पण करावेत. अजिंठ्यात मौन, प्रदक्षिणा आणि हात जोडून केलेले मानसिक वंदन पुरेसे आहे. आत थोडेच जण जावेत, बाकीच्यांनी बाहेर थांबावे. झगझगीत प्रकाश टाकू नये. भिंतीला पाठ टेकू नये. मुलांना हारितीची कथा सांगावी, म्हणजे ती आपोआप शांत राहतात.

जपानशी असलेले हे नाते अलीकडेही संपलेले नाही. अजिंठा-वेरूळ परिसराच्या संवर्धन व पर्यटन विकासासाठी जपानने दोन टप्प्यांत, १९९२ आणि २००३ मध्ये, दीर्घ मुदतीचे कर्ज दिले. रस्ते, पाणीपुरवठा, वृक्षलागवड अशी कामे त्यातून झाली. कर्ज फेडता येते. ज्या विश्वासाने ते दिले गेले त्याची फेड मात्र आपल्या वागण्यानेच होईल.

पदयात्रा संपविताना नदीवरील पुलाशी थांबून कड्याकडे एकदा वळून पाहावे. एवढ्या अंतरावरून लेणी लहान काळ्या चौकटींसारखी दिसतात आणि आतले काहीही दिसत नाही. आतले जे आता आपल्या मनात आहे, तेवढेच आपण घरी नेणार आहोत. एका जागी उभे राहून पाहिलेले एक चित्र घरी नेता आले, आणि भिंत होती तशीच मागे ठेवता आली, तर ही यात्रा सफल झाली असे आम्ही समजू.